स्वतःची गाणी स्वतः गाणाऱ्यांचे प्रश्न : गोव्यातून मला वारंवार विचारले जाणारे

मी फोंडा तालुक्यात राहते. लहानपणी शास्त्रीय शिकले, कॉलेजात असताना चर्चच्या कॉयरमध्ये वाजवणाऱ्या शेजाऱ्यांकडून गिटार शिकले, आणि गेली बारा वर्षं स्वतः लिहिलेली, स्वतः चाल बांधलेली मराठी गाणी गाते. शिकणारी मुलं, त्यांचे आईवडील आणि नोकरी सांभाळून गाणारे लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत.

१. मला चांगलं गाता येतं. मग गाणं लिहिताही येईल ना?

येईल, पण आपोआप नाही. गाणं शिकणं आणि गाणं करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दोन्हींना रोजचा रियाज लागतो. आपण पहिल्या कामाला गुरू, वर्ग, परीक्षा सगळं देतो. दुसरं मात्र कधीतरी सुचेल म्हणून सोडून देतो. मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी रागदारी गायली आणि नाटकांना चालीही दिल्या. बोरीचे बाकीबाब बोरकर आपल्या कविता गाऊन म्हणत. दोन्ही कामं एका माणसात नांदतात हे आपल्या मातीत नवीन नाही. या पानावरची बहुतेक उत्तरं शेवटी याच मुद्द्याशी येतात.

२. आधी शास्त्रीय शिकू की थेट गिटार घेऊ?

वय दहा-बाराच्या आत असेल तर आधी गळा. सा लावणं, तो धरून ठेवणं, तानपुऱ्यात मिसळणं हे लवकर बसलं की आयुष्यभर सोबत राहतं. वय पंचवीस असेल आणि मनात गाणी साचली असतील तर गिटार किंवा पेटी आजच हातात घ्या आणि गळ्याची तालीम बरोबरीने सुरू करा. तीन कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गट) आल्या की गाणं बांधायला सुरुवात होते, आणि तो उत्साह वाया घालवू नये. फक्त एक सांगते. गिटारच्या आधाराने गाणाऱ्याचे सूर पडद्यांवर ठोकल्यासारखे सरळ होतात, मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणं, हरवते. म्हणून रोज थोडा वेळ तरी वाद्य बाजूला ठेवून नुसत्या तानपुऱ्यावर गा. तानपुऱ्याचं ॲप चालेल.

३. गोव्यात शिकायचं कुठे?

पणजीला कांपालच्या कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्त्य दोन्ही संगीत शिकवलं जातं. एकाच आवारात एका खोलीतून भैरव आणि दुसऱ्या खोलीतून पियानोचे स्केल ऐकू येणं ही आपल्या पदरात पडलेली मोठी गोष्ट आहे. पण फक्त संस्थेकडे पाहू नका. गोव्यात जवळपास प्रत्येक गावात कुणीतरी पेटी शिकवतं, कुणीतरी तबला. भजनाला बसा. भजनी मंडळात ताल अंगात मुरतो तसा वर्गात मुरत नाही, कारण तिथे चुकलात तर पुढचा माणूस थांबत नाही, तुम्हालाच समेवर येऊन मिळावं लागतं. पाश्चात्त्य बाजूला पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकवायचे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत इतके गोमंतकीय वादक होते, त्यामागे ही शिकवण आहे. तुमच्या वाड्यावर असा कुणी वयस्कर व्हायोलिन किंवा ट्रम्पेटवाला असेल तर त्याच्याकडे आधी जा. माझ्या शेजाऱ्यांनी मला पैसे न घेता शिकवलं. अट एकच होती, फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, दिवशी त्यांच्या घरी जेवायला यायचं.

४. विशारद झालंच पाहिजे का?

गायला नाही, शिकवायला उपयोगी पडतं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात. मग प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद, प्रत्येकी दोन टप्प्यांत, आणि त्यापुढे अलंकार. पाश्चात्त्य बाजूला लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांच्या आठ ग्रेड आहेत. परीक्षेमुळे शिस्त लागते हे खरं. पण मध्यमा झालेल्या कितीतरी मुलांना मी सांगितलं की भूप रागात स्वतःच्या चार ओळी गाऊन दाखव, तर ती गांगरतात. परीक्षा द्या, पण त्याच वर्षी दोन स्वतःची गाणीही पूर्ण करा.

५. रोज किती रियाज करायचा?

नोकरी असेल तर पाऊण तास गळ्याला आणि अर्धा तास लिहायला. गळ्याच्या वेळेतली पहिली दहा मिनिटं खर्जाला द्या. मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात शांतपणे, आवाज न ढकलता. मग अलंकार (स्वरांचे पलटे), मग एक राग, आणि शेवटी तुमचं गाणं. लिहिण्याच्या अर्ध्या तासात काही सुचलं नाही तरी उठायचं नाही.

६. माझी पट्टी कोणती, आणि गिटारवाल्याला ती कशी सांगायची?

हा प्रश्न लहान वाटतो, पण कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पट्टी म्हणजे तुमचा सा पेटीच्या कोणत्या पट्टीवर आहे ते. बायकांची साधारण काळी चार किंवा काळी पाच असते, पुरुषांची पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास. मंद्र पंचमापर्यंत आरामात उतरता आलं आणि तार (वरच्या) सप्तकातल्या गंधार-मध्यमापर्यंत ओरडल्याशिवाय जाता आलं तर ती तुमची पट्टी.

गिटारवाल्याला इंग्रजी नावं लागतात. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प आणि काळी पाच ए शार्प. काळी चारमध्ये गाणार असाल तर त्याला म्हणा, पहिल्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लाव आणि जी मधून वाजव. काळी एक असेल तर कॅपो तिथेच, पण सी मधून. एवढं पाठ असलं की अनोळखी वादकाबरोबरही दोन मिनिटांत जुळतं.

७. रागातल्या चालीला कॉर्ड लावली तर राग बिघडतो का?

कॉर्डमध्ये कोणते स्वर आहेत हे न पाहता लावली तर बिघडतो. भूप घ्या : सा, रे, ग, प, ध. यात मध्यम आणि निषाद नाहीत. आता सा-ग-प ही मेजर कॉर्ड आणि ध-सा-ग ही मायनर कॉर्ड, या दोन्ही पूर्णपणे भूपात बसतात. पण गिटारवाले सवयीने चौथी कॉर्ड लावतात, म-ध-सा, आणि मध्यम घुसतो. पाचवी कॉर्ड प-नी-रे, तिच्यातून निषाद येतो. ऐकणाऱ्याला नाव सांगता येणार नाही, पण भूपाचा मोकळेपणा गेला हे त्याला कळतं. अशा ठिकाणी मी पूर्ण कॉर्ड न वाजवता फक्त सा आणि प वाजवायला सांगते.

अर्थात तुम्ही राग गात नसून रागावर आधारलेलं गाणं गात असाल तर स्वर मुद्दाम सोडायलाही हरकत नाही. मात्र ते ठरवून करा.

८. शब्द आधी की चाल आधी?

दोन्ही चालतं. खरी अडचण वेगळी असते. शब्द चालीत बसत नाहीत, मग गायक ते ओढतो, आणि 'आठवण'चं 'आठवाण' होतं. याचा उपाय आपल्या छंदांत आहे, बाहेर शोधायची गरज नाही. मोठ्या अभंगाचा साचा बघा : पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळलेलं. माझ्या वहीतल्या ओळी देते :

पत्र्यावर वाजे
पहाटेचा थेंब
उजळेना खांब
ओसरीचा

आता हे केहरवा तालाच्या आठ मात्रांत म्हणून पाहा. चौथ्या चरणात अक्षरं कमी, म्हणून तिथे आपोआप श्वासाची जागा मिळते. गाणाऱ्याला श्वास आणि ऐकणाऱ्याला अर्थ पोहोचायला वेळ, दोन्ही त्या चार अक्षरांनी दिलं. शेकडो वर्षं लोकांनी चालत, टाळ वाजवत गायलेला साचा आहे तो. उगाच टिकलेला नाही.

शब्दांबद्दल अजून एक. आईवर गाणं करायला बसले तेव्हा पहिल्या मसुद्यात माया, ममता, सावली असं सगळं होतं. दोन महिने ते गाणं मेल्यासारखं पडून राहिलं. मग एका दुपारी स्वयंपाकघरात तिची आदोळी दिसली. आदोळी म्हणजे नारळ खवायची आपली विळी. तिच्या लाकडी पाटाची एक कड बसून बसून गुळगुळीत झाली होती, आणि तिथेच एक बारीक खिळा आईने कधीतरी ठोकलेला होता, पाट उलू नये म्हणून. गाण्यात तो खिळा आला आणि बाकीचं सगळं मी खोडलं. आज कार्यक्रमात लोक तेच गाणं मागतात. म्हणून शिकणाऱ्यांना सांगते : घरातली एक वस्तू निवडा, तिच्याकडे अर्धा तास बघा, आणि भावनेचं नाव न घेता आठ ओळी लिहा.

९. गोव्यात राहून मराठीत लिहू की कोकणीत?

तुम्हाला ज्या भाषेत राग येतो आणि ज्या भाषेत स्वप्न पडतं तिच्यात. कुणाला दोन्ही भाषांत पडत असेल तर दोन्हीत. बाकीबाबांनी दोन्ही भाषांत लिहिलं आणि दोन्हीकडे त्यांना मनापासून वाचलं जातं. भाषेवरून भांडणाऱ्यांना उत्तर देण्यात तुमची लिहिण्याची वेळ घालवू नका.

१०. माझ्या गाण्यात घुमट वापरायचं आहे. त्यावर बंदी आहे ना?

घुमट म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं ताणून केलेलं आपलं वाद्य. बंदी वाद्यावर नाही, घोरपडीच्या कातड्यावर आहे. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. आता घुमटं बकऱ्याच्या कातड्याची करतात, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. विकत घेताना कातडं कशाचं आहे हे विचारा. वाजवणारा आरतीच्या फडातलाच बोलवा. चवथीला घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य) आणि कासाळ्यांच्या (झांजांच्या) मधे बसून ज्याचा हात तयार झाला आहे, त्याची गत बाहेरच्या वादकाला लवकर येत नाही. रेकॉर्डिंगला मात्र त्याला मायक्रोफोनपासून लांब बसवा, मातीच्या मडक्याचा घुमारा अंतरावरूनच सुंदर येतो.

११. पहिलं रेकॉर्डिंग घरी करता येईल का?

येईल. रेमो फर्नांडिस यांनी ऐंशीच्या दशकात आपला पहिला अल्बम शिवोलीच्या घरीच रेकॉर्ड केला आणि स्वतः हिंडून विकला. आजच्या मानाने त्यांच्याकडे साधनं फार तुटपुंजी होती. आज एक कंडेन्सर मायक्रोफोन, तो लॅपटॉपला जोडणारा एक ऑडिओ इंटरफेस, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि लॅपटॉप पुरतो.

खोली महत्त्वाची. फरशी आणि उघड्या भिंती असतील तर आवाज आदळतो. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवा, त्याच्याकडे पाठ करून उभे राहा आणि समोर मायक्रोफोनमागे गोधडी टांगा. तोंडापासून एक वीत अंतर ठेवा, मध्ये पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी). पातळी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, आवाज फाटला की तो दुरुस्त होत नाही.

आणि वेळ. माझी एक सुंदर टेक पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्याने गेली, पहाटे साडेसहाला, शेवटच्या कडव्यात. एक गेली पत्र्यावरच्या सरीने. तेव्हापासून मी पावसाळ्यात आवाजाचं रेकॉर्डिंग ठेवतच नाही. लाकूडही त्या दिवसांत दमट होऊन फुगतं, गिटारच्या तारा वर येतात. गिटार पेटीत ठेवा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

१२. कार्यक्रम मिळायला सुरुवात कशी होते?

आपल्याकडे वर्षाला एक लय आहे, ती ओळखा. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पर्यटनाचा हंगाम, किनाऱ्याकडच्या हॉटेलांत रोज कुणीतरी गातं. तिथे बहुतेक वेळा दुसऱ्यांची गाणी मागतात. ते काम कमी समजू नका, तीन तास उभं राहून गाण्याची ताकद तिथे येते. पण प्रत्येक फेरीत स्वतःची दोन गाणी घाला आणि त्याआधी एक वाक्य बोला. जत्रा, कालो (देवळातला उत्सव), गणेशोत्सव इथे गावकरी बसतात, त्यांना शब्द कळतात. मडगाव आणि साखळीचं रवींद्र भवन, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर अशा सभागृहांत अनेकदा स्थानिक कलाकारांची संयुक्त मैफल होते. तिथे पंधरा मिनिटं मिळाली तरी घ्या. पावसाळा लिहायला ठेवा.

माझा पहिला कार्यक्रम देवळाच्या मंडपात होता. श्रोते साधारण तीस, त्यातले निम्मे प्रसादासाठी थांबलेले. मानधन पाचशे रुपये आणि नारळ. त्या तिसांपैकी एका शिक्षिकेने मला तिच्या शाळेत बोलावलं, तिथल्या एका पालकाने साहित्य संमेलनात. माझी पुढची पाच वर्षं अशीच झाली. प्रत्येक कार्यक्रमानंतर फोन नंबर लिहून घ्यायला एक वही ठेवा.

१३. गायलो, पण पैसे दिले नाहीत. काय करू?

माझ्याबरोबरही झालं आहे. एका रेस्टॉरंटने सलग चार शनिवार गाऊन घेतलं आणि हंगाम संपल्यावर फोन उचलणं बंद केलं. मी काहीही लिहून घेतलं नव्हतं, म्हणून हातात काहीच नव्हतं. तेव्हापासून तारीख, वेळ, रक्कम, साऊंड कुणाचा आणि कार्यक्रम रद्द झाला तर किती मिळणार, एवढं व्हॉट्सॲपवर पाठवून समोरच्याचा होकार घेते. निम्मी रक्कम आगाऊ. मागायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे, आपल्याकडे कलाकाराने पैशांचं बोलणं बरं दिसत नाही असं शिकवतात. तरी मागा.

१४. माझं गाणं कुणी चोरलं तर? नोंदणी करावीच लागते का?

कायद्याने गाणं लिहून ठेवलं किंवा रेकॉर्ड केलं त्या क्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. वाद झाला तर पुरावा म्हणून नोंदणीचा उपयोग होतो. एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात हे मात्र नीट समजून घ्या : शब्दांचा गीतकाराला, चालीचा संगीतकाराला, आणि ध्वनिमुद्रणाचा ते काढणाऱ्याला. तुम्ही तिन्ही असाल तर तिन्ही तुमचे. वहीच्या पानाचा तारखेसकट फोटो आणि पहिलं कच्चं रेकॉर्डिंग जपून ठेवा.

गाणी प्रकाशित होऊ लागली की गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं) सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं त्यांच्याकडे नोंदवा. रेडिओ, हॉटेल, स्ट्रीमिंग यांतून येणारी रॉयल्टी ही संस्था गोळा करून वाटते.

१५. एक कंपनी माझी गाणी घ्यायला तयार आहे. सही करू का?

वकिलाला दाखवल्याशिवाय नाही. तीन गोष्टी तुम्हीही बघा. मुदत लिहिली आहे का? लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला आहे का? नसेल तर फक्त भारत. पण 'कायमस्वरूपी, संपूर्ण जगात' असं छापलेलं असेल तर तेच लागू होतं, आणि बहुतेक करारांत तसंच छापलेलं असतं. तिसरी गोष्ट रॉयल्टीची. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाट्याचा हक्क सहीने सोडून देता येत नाही. 'एकरकमी घ्या आणि विसरा' असं कुणी म्हणालं तर हे त्याला शांतपणे सांगा. एका मुलीने पैशांची गरज होती म्हणून सहा गाणी कायमची दिली. आज ती तिची गाणी ऑनलाइन टाकायला परवानगी मागते. मला ते बघवत नाही, म्हणून इतकं लांबण लावलं.

१६. जुन्या कवीची कविता किंवा संतांचा अभंग माझ्या चालीत गाऊ शकतो का?

कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. तुकारामांचा अभंग, केशवसुत, बालकवी मोकळे आहेत. बाकीबाब १९८४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितेसाठी २०४४ संपेपर्यंत वारसांची परवानगी लागते. आणि इथे गोंधळ होतो : अभंग मोकळा असला तरी एखाद्या संगीतकाराने त्याला दिलेली चाल मोकळी असेलच असं नाही. शब्द घ्या, चाल स्वतः बांधा.

देवळातल्या प्रत्यक्ष धार्मिक विधीत आणि लग्नसमारंभात गायलेल्या गाण्यांना कायद्यात सूट आहे. तिकीट लावून केलेली भक्तिसंगीताची मैफल त्यात बसत नाही.

१७. रात्री दहानंतर उघड्यावर गाता येतं का?

लाउडस्पीकर लावून नाही. रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, तो दिवस तुमचा आहे का हे आयोजकाला विचारा. बंद सभागृहाची गोष्ट वेगळी. तुमचं सगळ्यात चांगलं गाणं साडेनऊच्या आत घ्या.

१८. मुलगा तेरा वर्षांचा आहे, आवाज फुटतोय. गाणं बंद करू?

बंद नको, पट्टी खाली आणा आणि वरचे सूर ताणू देऊ नका. या दिवसांत त्याला ताल, पेटी आणि लिहिणं शिकवा. मोठ्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असेल तर ज्येष्ठमध-खडीसाखरेवर न थांबता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

१९. गोवा न सोडता यात करिअर होईल का?

केरीच्या गायिका केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, दोघींची मुख्य तालीम गोव्याबाहेर झाली. तेव्हा पर्याय नव्हता. आज गाणं घरून जगभर पोहोचतं, पण साथीदार, सभागृहं आणि चांगला साऊंडवाला मुंबई-पुण्याला जास्त आहेत, हे मान्य करायला हवं. माझी रीत अशी : घर फोंड्याला, वर्षातून तीन-चार फेऱ्या बाहेर, प्रत्येक फेरीत किमान दोन कार्यक्रम, म्हणजे प्रवासखर्च निघतो. बाकी उत्पन्न शिकवण्यातून. घर फक्त गाण्यावर चालायला मला नऊ वर्षं लागली. तोवर दुपारी एका दुकानात हिशेब लिहायचे.

मोगूबाईंचं कुर्डी साळावली धरणात बुडालं. मे महिन्यात पाणी उतरलं की घरांचे चौथरे वर येतात आणि जुने गावकरी तिथे जमतात. गेल्या खेपेला मी तिथे गेले, एका चौथऱ्यावर बसून तानपुऱ्याचं ॲप लावलं आणि नवीन गाण्याचं धृवपद पहिल्यांदा पूर्ण म्हटलं. शेजारी एक आजी बसल्या होत्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "बाये, दुसरी ओळ परत म्हण, नीट कळली नाही." ती ओळ मी अजून दुरुस्त करते आहे.